मोटारीच्या काचेतला पडदा

गेल्या अंकात आम्ही फ्रीज घरोघरी येण्याआधी कुर्बानीचं मटण कसं टिकवत, कसं वाटत, यावर लिहिलं. लिहिता लिहिता एक वाक्य सहज येऊन गेलं: ‘तिसऱ्या दिवशीचा खिमा डब्यात भरून आम्ही ड्राइव्ह-इनला जायचो.’ मटणाबद्दल कुणी फारसं विचारलं नाही, या एका वाक्याबद्दल मात्र बरीच विचारणा झाली. तरुण वाचकांना ड्राइव्ह-इन म्हणजे बर्गरची खिडकी वाटली. बांद्रा, कुर्ला, माहीम भागातल्या जुन्या वाचकांना गहिवरून आलं. आणि एका बुजुर्ग वाचकांनी कान उपटले, की कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात ईद आणि सिनेमा एका ओळीत बसवणं शोभतं का? तिन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हा महिना ड्राइव्ह-इनला देत आहोत.

आधी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. ड्राइव्ह-इन म्हणजे उघड्या मैदानातलं सिनेमागृह. एका टोकाला तीन-चार मजली इमारतीएवढा पांढरा पडदा, समोर कमानीसारख्या वळणाच्या रांगांत उभ्या केलेल्या मोटारी, आणि मोटारीत बसलेले प्रेक्षक. आपण गाडीतून उतरायचं नाही, समोरच्या काचेतूनच सिनेमा बघायचा. प्रत्येक रांगेखाली मातीचा उतार केलेला असतो. गाडीचं नाक त्यावर चढवलं की ते थोडं वर होतं आणि पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो. वरवर साधी वाटणारी ही युक्ती हाच या धंद्याचा पाया होता.

ही युक्ती अमेरिकेतल्या रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाची. त्याच्या घरचा मोटारीच्या सामानाचा धंदा होता. सांगतात, की त्याची आई अंगाने स्थूल होती आणि थिएटरच्या खुर्चीत तिला नीट बसता येत नसे. म्हणून त्याने घराच्या अंगणात प्रयोग सुरू केले. दोन झाडांना चादर बांधली, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, पाऊस आला तर कसं दिसेल हे पाहायला बागेतल्या पाण्याच्या फवाऱ्याने काच भिजवली. १६ मे १९३३ रोजी त्याला पेटंट मिळालं आणि ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सी राज्यात कॅमडेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं. गाडीला २५ सेंट, शिवाय माणशी २५ सेंट. जाहिरातीचा सगळा रोख कुटुंबावर होता. रडकी पोरं आणा, हसा, बोला, शेजारच्याला त्रास नाही. पुढे कोर्टाने त्याचं पेटंट रद्द ठरवलं, मग कुणीही उठून ड्राइव्ह-इन काढू लागला. १९५८च्या सुमारास अमेरिकेत अशी चार हजारांवर मैदानं होती.

आवाजाचा घोळ मात्र बराच काळ मिटला नव्हता. सुरुवातीला पडद्याजवळच मोठे भोंगे लावत. त्याने आसपासच्या वस्तीची झोप उडे, आणि शेवटच्या रांगेला तर वेगळाच त्रास. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. पडदा शंभर मीटरवर असला तर नटाचे ओठ आधी हलायचे आणि शब्द जवळजवळ पाव सेकंदाने पोचायचा. १९४१च्या सुमारास आरसीए कंपनीने प्रत्येक गाडीसाठी वेगळा छोटा स्पीकर काढला. गाडीशेजारच्या खांबावर तो टांगलेला असे. काच थोडी खाली करायची, स्पीकर तिच्यावर अडकवायचा आणि आवाजाचं बटण आपल्या हाताने फिरवायचं. आता हेच काम गाडीतल्या एफएम रेडिओवर होतं.

आपल्याकडे अहमदाबादला १९७३ साली ‘सनसेट’ ड्राइव्ह-इन सुरू झालं. ६६५ मोटारींची सोय, आणि गाडी नसलेल्यांसाठी समोर मोकळी जागा. लोक सतरंज्या, खाटा, डबे घेऊन येत आणि मैदानात पसरत. त्या रस्त्याला आजही ड्राइव्ह-इन रोडच म्हणतात. मुंबईचं ड्राइव्ह-इन त्यानंतरचं, बांद्रा पूर्वेला कलानगरच्या पलीकडे. आज ज्याला आपण बीकेसी म्हणतो तो भाग तेव्हा मिठी नदीच्या काठची खाजण जमीन होती. १९७५ साली एमएमआरडीए स्थापन झालं, १९७७ साली बांद्रा-कुर्ला संकुलाच्या नियोजनाचं काम त्याच्याकडे आलं, आणि भराव टाकायला सुरुवात झाली. भराव पडलाय पण इमारत उठलेली नाही, अशा जमिनीवर एवढं मोठं मैदान मिळू शकलं. दक्षिण मुंबईत ते कधीच झालं नसतं.

आता आमच्या घराबद्दल. आम्ही कुर्ल्याचे, मूळचे रत्नागिरीकडचे. घरात पहिला आणि शेवटचा शब्द नानांचा. नाना सिनेमाला हराम म्हणत नसत, पण ‘गरज काय?’ असं विचारत, आणि त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर द्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. अब्बा बाहेर कधीतरी बघत असावेत, घरात बोलत नसत. घरातल्या बायकांचा मात्र थिएटरशी संबंध जवळजवळ नव्हता. अम्मींनी लग्नाआधी ‘चौदहवीं का चांद’ पाहिला होता, तोही त्यांच्या फुफीने गुपचूप नेला म्हणून. त्यानंतर थेट काही नाही. नानांची हरकत पडद्यावरच्या गोष्टीला जेवढी होती त्याहून जास्त अंधारातल्या खुर्चीला होती. शेजारी कोण गैर-महरम येऊन बसेल, कोपर कुणाचं लागेल, मध्यंतरात जिन्यावर कसली झुंबड उडेल. आज हे वाचून हसू येईल, पण ज्या बायका त्या काळात त्या जिन्यांवरून उतरल्या आहेत त्यांना विचारा. नानांची काळजी अगदीच खोटी नव्हती. तिच्यावरचा त्यांचा उपाय मात्र एकच होता: बायकांनी घरी राहावं.

यातून वाट काढली मामूंनी. मामू टॅक्सी चालवत. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी, पुढे सलग बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. त्यामुळे पुढे तिघं आणि मागे चौघं मोठी माणसं, शिवाय मांडीवरची पोरं, असा हिशेब सहज बसे. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी जेवताना मामूंनी विषय काढला. नाना म्हणाले, “बायका लोकांत बसणार?” मामू म्हणाले, “लोकांत नाही, गाडीत. गाडी आपली, गाडीतली माणसं आपली. महरम सोडून कुणी नाही. काच वर केली की तुमच्या ओटीपेक्षा जास्त पडदा.” नाना बराच वेळ भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवत राहिले. मग म्हणाले, “मगरिब चुकता कामा नये.” ही परवानगी होती हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला.

मगरिब चुकण्याचा प्रश्नच नव्हता. दुपारी तीनचा, सहाचा खेळ असतो तसं इथे नसतं. काळोख झाल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही, म्हणजे खेळाची वेळ सूर्य ठरवतो. त्या वर्षांत बकरी ईद ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत होती, पाऊस सरलेला, सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळायचा. आम्ही असर पढून निघायचो. सीएसटी रोडने कलिना, मग हायवे धरून कलानगर. मामू मीटरचा झेंडा फडक्याने झाकत, रस्त्यात कुणी हात करू नये म्हणून. तरी लोक हात करत आणि आत अकरा माणसं बघून हात खाली घेत.

मैदानात शिरल्यावर सगळ्यात पुढची रांग मिळवायची आमची घाई, आणि मागून तिसरी रांग बरी असा मामूंचा हट्ट. मामूंचं बरोबर असायचं. पुढे गाडी लावली तर मागे बसलेल्यांना टपामुळे पडद्याचा वरचा निम्मा भाग दिसत नाही, आणि नायकाला शेवटपर्यंत डोकंच नसतं. गाडी उतारावर चढवून, दोनदा मागे-पुढे करून, नानी मागच्या सीटवरून ‘दिसतंय’ म्हणाल्या की हँडब्रेक. मग पुरुष मंडळी गाडीच्या आडोशाला चादर अंथरून मगरिब पढत, बायका आत सीटवर बसल्या बसल्या. त्या वेळी पडदा नुसता पांढरा असायचा, मागे आभाळ तांबूस, आणि खाडीकडून वास यायचा. तो वास काही चांगला नव्हता. आठवणी लिहिताना लोक असे वास गाळतात, आम्ही गाळत नाही. डासही भरपूर. मामी कासवछाप अगरबत्ती घेऊन यायच्या आणि ती डॅशबोर्डवर लावायची की टपावर यावर दर वेळी वाद व्हायचा, कारण डॅशबोर्डवर लावली की धुरात नायिका दिसायची नाही.

खिमा, तांदळाच्या भाकऱ्या, कांदा, थर्मासमध्ये चहा. खेळ सुरू होण्याआधी डबे अर्धे संपलेले असत. स्पीकर अडकवायचा मान वर्षातून एकेकाला, त्याची यादी अब्बांकडे होती. स्पीकरच्या आवाजाला खरखर होती आणि गाण्यात ती फारच वाढायची, पण तक्रार करणार कोण? पोरं झोपायची, उठायची, आणि काय झालं विचारायची. नानी मोठ्याने प्रश्न करायच्या: “हा मेला होता ना?” थिएटरात असं विचारलं असतं तर चार माना वळल्या असत्या.

आणि अम्मी. आमची अम्मी बाहेर पडली की बुरखा, आणि आवाज खाली. मोठ्याने हसणं ही स्वयंपाकघरातली गोष्ट होती, तीही पुरुष घरात नसताना. त्या गाडीत दिवे मालवले की अम्मी नकाब मागे टाकायच्या आणि काच चार बोटं खाली घ्यायच्या. वारा यायचा. पडद्यावर विनोदी नट घसरून पडला की अम्मी खदखदून हसायच्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही पडदा सोडून मागे वळून पाहिलं. घराबाहेर, मोकळ्या हवेत, चारशे लोकांच्या मधोमध आपली आई एवढ्या मोठ्याने हसते आहे आणि कुणालाही ते कळत नाही, याचं आम्हाला फार नवल वाटलं होतं.

मराठीत सिनेमाच्या पडद्यालाही पडदा म्हणतात आणि बाईच्या पडद्यालाही. मामूंच्या टॅक्सीत या दोघांचं बरं जुळलं होतं. ज्या बुजुर्गांनी आमचे कान उपटले त्यांनी कृपया इथे थोडं थांबावं. दीनदार घरातल्या बाईला विरंगुळा हवा की नको, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच तिला विचारला जातो. पुरुषांना चौक असतो, हॉटेल असतं, मशिदीच्या पायऱ्यांवरच्या गप्पा असतात. तिला लग्नसमारंभ, मय्यत आणि दवाखाना. वर्षातून दोन-तीनदा चार तास मोटारीत बसून तिने आभाळाखाली काही पाहिलं, त्यात नेमकं काय बिघडलं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. सिनेमे सगळे चांगले नव्हते हे कबूल. काही तर फारच टुकार होते.

ड्राइव्ह-इनची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लबाडी होईल. बंद काचेच्या गाड्यांत सगळेच काही आमच्यासारखे नानीसह बसलेले नसत. काही गाड्या शेवटच्या रांगेत, दूर, दिव्याच्या खांबापासून लांब लागत आणि त्यांतल्या मंडळींना सिनेमाशी काही देणंघेणं नसे. मामू त्या रांगेकडे आमची पाठ येईल अशीच गाडी लावत. अमेरिकेतही ड्राइव्ह-इनची याच कारणाने बदनामी झाली होती. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीनंतर ड्राइव्ह-इनवर आक्षेप आला तो हाच, की अविवाहित जोडप्यांना तिथे नको तेवढा एकांत मिळतो. आणि गंमत बघा, त्याच तेहरानमध्ये २०२०च्या रमजानात करोनामुळे थिएटरं बंद असताना मिलाद टॉवरच्या पायथ्याशी गाड्यांच्या मैदानात सिनेमा दाखवला गेला. आवाज गाडीच्या एफएमवर. जो एकांत कधी गुन्हा ठरला होता तोच चाळीस वर्षांनी आरोग्याचा नियम झाला. त्याच वर्षी जर्मनीत वेट्झलार इथे मशिदीत अंतर राखून सगळे मावेनात म्हणून मुसलमानांनी एका फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये ईदची नमाज पढली. मोटारी उभ्या करायची जागा माणसाच्या अशीही कामी येते.

सौदी अरेबियाचंही इथेच सांगून टाकतो. तिथे दशकानुदशकं सिनेमागृह नव्हतं. १८ एप्रिल २०१८ रोजी रियाधमध्ये पहिलं थिएटर पुन्हा उघडलं, आणि त्याच वर्षी २४ जूनपासून बायकांना मोटार चालवायची मुभा मिळाली. अम्मी हयात असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी गाडी द्यायची होती, मग सिनेमा.

बांद्र्याच्या त्या मैदानाबाहेरही प्रेक्षक असत. भारत नगरला आमचे एक मावसभाऊ राहत. त्यांच्याकडे गाडी नव्हती, तिकिटाचे पैसे क्वचितच असत, पण आसपास उंच इमारती नसल्याने भरावाच्या ढिगावर चढलं की पडदा लांबून, तिरपा, पण दिसायचा. आवाज नाही. आवाज होता गाड्यांच्या काचांमागे कोंडलेला. हे मावसभाऊ आणि त्यांचे दोस्त ढिगावर बसून मुके सिनेमे बघत आणि संवाद स्वतः म्हणत. एक जण नायक, एक जण खलनायक, आईचं काम ज्याचा आवाज फुटला नव्हता त्याच्याकडे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांतला एक सिनेमा त्यांनी टीव्हीवर आवाजासकट पाहिला. म्हणाले, “कहाणी वेगळीच निघाली. आमची बरी होती.” लग्नकार्यात आजही त्यांना आग्रह करून ती कहाणी सांगायला लावतात. पण आम्ही गाडीत होतो आणि ते ढिगावर होते, आणि मामूंच्या गाडीत बारावी जागा नव्हती, हेही तितकंच खरं. एकदा नानींनी कबाबचा डबा बाहेर पाठवला होता. तो रिकामा होऊन परत आला, मावसभाऊ आले नाहीत. ते तेव्हा चौदा वर्षांचे असतील. आम्हाला वाटलं लाजले. आता वाटतं, रागावले असावेत.

ड्राइव्ह-इन आमच्या घरातून मुंबईतून जाण्याआधीच गेलं. त्याचं कारण बांद्र्यात नव्हतं, कुवेतमध्ये होतं. तेलाचे भाव वाढले तशी सत्तरच्या दशकात कोकणातली मुसलमान पोरं आखाताकडे निघाली. रत्नागिरी-रायगडातल्या गावागावांतून कुणी कुवेतला, कुणी दुबईला, कुणी जहाजावर. आमचे थोरले चाचा कुवेतला होते. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने टीव्ही रंगीत झाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी चाचा सुट्टीवर आले ते व्हीसीआर घेऊनच. विमानतळावर किती ड्युटी भरली हा आकडा नानांपासून लपवण्यात आला. त्या महिन्यात आमच्या चाळीतल्या एकही घरी रात्रीचं जेवण वेळेवर झालं नाही. बी. आर. चोप्रांचा ‘निकाह’ बघायला तर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीसेक बायका बसल्या होत्या. पुरुषांना बाहेर काढलं होतं. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एकदम सगळ्या बोलू लागल्या. तलाकवर त्या रात्री आमच्या चाळीत जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्या परिषदेत झाली नसेल.

म्हणजे व्हीसीआरने बायकांना सिनेमा दिला, हवा तेव्हा, हवा तितका. मग घराबाहेर नेण्याची गरज काय? नानांचा जुना प्रश्न आता सगळे विचारू लागले. मामू दोनदा म्हणाले, जाऊया. अब्बा म्हणाले, घरी आहे की. एवढे पैसे, एवढं पेट्रोल, डास. सगळं बरोबर होतं. पण घरी सिनेमा बघताना अम्मी चहा करत असत, भाकऱ्या थापत असत, दाराची कडी वाजली की उठत असत. गाडीत त्यांना उठायला जागाच नव्हती, म्हणून चार तास त्या बसून राहत. ही बाब कुणाच्या लक्षात आली नाही. आम्हीही तेव्हा ‘शोले’ तिसऱ्यांदा लावण्यात गुंतलो होतो.

मैदान मात्र आणखी बरीच वर्षं चालत राहिलं. या धंद्याचा हिशेब मुळातच अवघड असतो. सिनेमागृहाची इमारत दिवसातून चार-पाच खेळ करते, ड्राइव्ह-इन रात्री एखाद-दोन. दिवसभर ती जमीन नुसती ऊन खात पडलेली. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत सगळीकडे लागू झाली तेव्हा खेळ तासाभराने उशिरा सुरू होऊ लागले आणि शाळकरी पोरांची कुटुंबं गळाली. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने वेगळेच. तोवर जमीन स्वस्त होती म्हणून हे सगळं चाललं. मग बीकेसी उठलं. राष्ट्रीय शेअर बाजार आला, बँका आल्या, हिऱ्यांचा बाजार आला, अमेरिकेची वकिलात आली. राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली आणि एका छताखाली चार-चार पडदे उभे राहिले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बांद्र्याचं ड्राइव्ह-इन बंद पडलं. दिवसाला लाखो रुपये भाडं देऊ शकणाऱ्या जमिनीवर मातीचे उतार आणि स्पीकरचे खांब किती दिवस राहणार? यात खलनायक कुणी नाही, एवढं म्हणून पुढे जातो. खाजणाचं मैदान होऊ शकलं तेव्हाही कुणी शहरातल्या बायकांचा विचार करून ते केलं नव्हतं.

पुढची गोष्ट अनेकांनी वर्तमानपत्रात वाचली असेल. करोनानंतर राज्यातली थिएटरं २२ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली आणि ५ नोव्हेंबरला बीकेसीत जिओ वर्ल्ड ड्राइव्हच्या गच्चीवर नवं ड्राइव्ह-इन सुरू झालं, ‘सूर्यवंशी’ या सिनेमाने. २९० गाड्यांची सोय. जमिनीवर जागा उरली नाही म्हणून गाड्या गच्चीवर चढल्या, याला मुंबईच म्हणायचं. आमच्या भाच्याने एकदा आम्हाला नेलं. स्वच्छ, डास नाहीत, वास नाही, आवाज एफएमवर खणखणीत. भाच्याची गाडी वातानुकूलित, म्हणून काचा पूर्ण बंद होत्या. सूनबाई पुढे बसल्या होत्या, पोरं मागे आपापल्या मोबाइलवर. बाहेर पडताना उताराच्या वळणावर पाहिलं तर ज्या बाजूला भारत नगर असायचं तिकडे काचेच्या इमारतीच इमारती. कुठल्याही ढिगावरून आता हा पडदा दिसायचा नाही.

मामूंनी टॅक्सी नव्वदच्या दशकात विकली. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली ३० ऑक्टोबर २०२३ला, वयाची मुदत संपली म्हणून. तोवर मामूही गेले होते. मामी आहेत, मुंब्र्याला मुलीकडे असतात, ऐंशी पार, नजर शाबूत. हा लेख लिहायच्या आधी त्यांना भेटून आलो, काही तपशील पडताळून घ्यायला. अगरबत्ती टपावरच लावत होतो असं त्या ठामपणे म्हणतात, आम्ही डॅशबोर्ड लिहिलं आहे, वाद चालू ठेवतो. नव्या गच्चीवरच्या ड्राइव्ह-इनचं सांगितलं तेव्हा त्यांनी तीन प्रश्न विचारले. डबा नेऊ देतात का? मगरिबला जागा आहे का? आणि गाडीत किती माणसं बसतात? पाच, आम्ही म्हणालो, पाचवं जरा दाटीने. मामी म्हणाल्या, “पाच? मग कुणाला नेऊ आणि कुणाला ठेवू?”